रिकामं वजन

१

काटेवाल्या बाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, गाड्यांची वजनं राहत. खडीची गाडी असो, विटांची असो की भुशाच्या पोत्यांची, एकदा त्यांच्या काट्यावरून गेली की तिचं रिकामं वजन बाईंच्या डोक्यात घर करून बसायचं. ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी समोर उभा राहिला तर “आपण कोण?” म्हणून विचारायच्या, पण गाडी फाटकात दिसली की म्हणायच्या, “आली वाटतं. हिची स्टेपनी कुठे टाकून आलात?”

वजनकाटा घराच्या आवारातच होता. रस्त्यावरून फाटक, फाटकातून आत आलं की जमिनीशी सपाट बसवलेला लोखंडी प्लॅटफॉर्म, त्याच्या बाजूला काचेची केबिन, आणि प्लॅटफॉर्म ओलांडला की अंगण आणि घर. दुसरी वाट नव्हती. घरी यायचं तर काट्यावरूनच यायचं, मग माल असो की माणूस. पाहुणे निघाले की बाई केबिनमधून ओरडायच्या, “आलात त्यापेक्षा जड होऊन चाललात हं! म्हणजे जेवण आवडलं.”

बाईंचा नवरा गुरांचा डॉक्टर. पठारावर लांब लांब विखुरलेले गोठे होते, तिथे रोज सकाळी जायचं आणि ऊन कललं की खाली यायचं, हा त्याचा क्रम. त्यासाठी त्याच्याकडे एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह होती. पत्रा ठिकठिकाणी ठोकून सरळ केलेला, दारं दोनदा आपटल्याशिवाय लागत नसत आणि खिडकीची काच हाताने धरून वर ओढावी लागे. डॉक्टरचा तिच्यावर भारी जीव. सुट्टीचा दिवस तो तिच्याखाली झोपून काढायचा. बाईंनी तिचं नाव ‘सवत’ ठेवलं होतं.

“सवतीला तेल पाजून झालं असेल तर बायकोला चहा द्या,” बाई म्हणायच्या.

“तिला तेल पाजलं तर ती ओझं ओढते. तुला चहा पाजला तर तू भांडतेस.”

थोरल्या नणंदबाई, म्हणजे डॉक्टरची मोठी बहीण, त्याच घरात राहत. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्का दोघांचं ऐकून घ्यायच्या आणि ठेवणीतला शेरा मारायच्या, “भांडा. पण गाडी बदलली तर मला त्या नव्या गाडीत चढायला पायरी असू दे.”

नवी गाडी घ्यायची की जुनीच ठेवायची, हा वाद त्या घरात असा मुरलेला होता. कोणी जिंकत नव्हतं, कोणी हरत नव्हतं.

२

त्या दिवशी डॉक्टर नेहमीसारखा ऊन कलताना आला. बाई एका विटांच्या गाडीची पावती फाडत होत्या. सवत काट्यावर आली, थबकली, पुढे अंगणात गेली. ही थबकायची त्याची सवय होती. बायकोला हात करायचा म्हणून. बाईंनी हात केला, आणि नजर सवयीने आकड्यावर गेली.

आकडा जास्त होता.

सवतीचं रिकामं वजन बाईंना पाठ होतं, नवऱ्याचंही होतं, औषधांच्या पेटीचंही होतं. डिझेल भरलेलं असो की आटलेलं, किती फरक पडतो हेही त्यांना ठाऊक होतं. या सगळ्याच्या वर एक धडधाकट माणूस बसावा एवढा आकडा पुढे होता.

“काय आणलंत वरून?” संध्याकाळी त्यांनी विचारलं.

“काही नाही. का?”

“कोणाला गाडीत घेतलं होतं?”

“घेतलं असतं तर तुला दिसलं नसतं का? तुझ्या नाकासमोरून आलो की.” मग तो म्हणाला, “पण तू विचारलंस म्हणून सांगतो. हल्ली उतारावर गाडी जड लागते. मागून कोणीतरी ढकलतंय अशी. वर जाताना अगदी फुलासारखी, आणि येताना मात्र लो गिअर टाकून रोखावी लागते.”

“म्हातारी झाली ती.”

“म्हातारं माणूस हलकं होतं गं, जड नाही होत.”

अक्का हसल्या. बाईही हसल्या. काट्यात कचरा अडकला असेल, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्मच्या कडेची फट साफ करून घेतली. सकाळी सवत गेली ती नेहमीच्या वजनाने. संध्याकाळी आली ती पुन्हा एका माणसाने जड.

३

मेस्त्रीने गाडी वर उचलून तपासली. चेसिसच्या पोकळीत पाणी साठतं का पाहिलं, मडगार्डमधली माती खरवडली, सीटा काढून खालचा पत्रा ठोकून पाहिला. मातीचा ढीग झाला, पण तो दोन टोपल्यांच्या वर नव्हता.

“डॉक्टर, गाडीत काही नाही,” मेस्त्री हात पुसत म्हणाला. “पण एक आहे. मागच्या डाव्या स्प्रिंगचा पाटा बसलाय. तुम्ही तर एकटेच हिंडता. डाव्या बाजूला मागे रोज कोणाला बसवता?”

“कोणालाच नाही.”

“मग औषधाची पेटी ठेवत असाल.”

पेटी उजवीकडे, पुढच्या सीटच्या मागे असायची. बाई शेजारीच उभ्या होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच दुसरीकडे बघितलं.

घरी येताना बाई मागच्या सीटवर बसल्या, डावीकडे. का बसल्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सीटला खोलगट आकार आला होता. जुन्या सीटला येतोच. पण तो बाईंच्या बसण्याशी जुळत नव्हता. गुडघे जिथे यावेत तिथे येत नव्हते. जो बसत होता तो खूप पुढे सरकून, कडेवर बसत होता, उतरायची घाई असल्यासारखा.

४

बाई हिशोबी बाई होत्या. भीती वाटली की त्या मोजमाप काढत. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “उद्या आलात की गाडी काट्यावर उभी करा, बंद करा, उतरून केबिनमध्ये या. तुमचं वजन बाजूला काढू. मग बघू.”

डॉक्टरने तसंच केलं. लख्ख ऊन होतं. रस्त्यावर रहदारी चालू होती, अक्का अंगणात कपडे वाळत घालत होत्या. डॉक्टर औषधांची पेटी घेऊन उतरला, दार दोनदा आपटून लावलं आणि केबिनमध्ये येऊन बाईंच्या खुर्चीमागे उभा राहिला. काट्यावर फक्त गाडी.

आकडा एका माणसाने जास्तच.

“काटा बिघडलाय,” डॉक्टर म्हणाला.

“सकाळपासून वीस गाड्या तोलल्या. त्यांच्यासाठी बिघडला नाही तो.”

दोघं काचेतून बघत राहिले. गाडीचं इंजिन गार होताना टिक टिक वाजत होतं. आणि मग पाट्यांनी एक लांबट आवाज केला, कुईं, असा. आणि गाडीची मागची डावी बाजू दोन बोटं वर आली. दार उघडलं नव्हतं.

“बघ,” डॉक्टर घाईने म्हणाला, “पाटे तापलेले असतात, गार झाले की सरळ होतात. एवढंच.”

बाई आकड्याकडे बघत होत्या. “गाडी वर आली,” त्या हळूच म्हणाल्या. “आकडा खाली नाही आला.”

त्याला कळायला क्षण लागला. गाडीतलं ओझं गाडीतून उतरलं होतं, पण काट्यावरून उतरलं नव्हतं. ते गाडीच्या बाहेर, प्लॅटफॉर्मवर, उन्हात उभं होतं. काचेपासून चार हातांवर. तिथे रिकाम्या पत्र्यावर ऊन पडलं होतं.

आकडा थोडा हलला. कोणी काट्यावर चालू लागलं की हलतो, तसा. मग एकदम घसरला आणि सवतीच्या रिकाम्या वजनावर येऊन थांबला.

रस्त्याच्या बाजूचं फाटक बाईंच्या डोळ्यांसमोर होतं. तिकडे काही हललं नाही. मागे अंगणात अक्का दोरीवर चादर टाकत होत्या. त्या मध्येच थांबल्या, एक पाऊल बाजूला झाल्या, जशी वाट देतात तशी, आणि पुन्हा चादर सारखी करू लागल्या.

त्या रात्री जेवताना डॉक्टर कोणी न विचारता म्हणाला, “नवी घेऊ.”

५

नवी गाडी आली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, दार नुसतं लोटलं की लागणारी. मागे काय आहे ते पडद्यावर दाखवणारी आणि वाट चुकली की टोकणारी. “ही तर सासूच निघाली,” बाई म्हणाल्या. अक्कांना चढायला पायरी होती.

जुनी गाडी एका रोपवाटिकावाल्याने नेली. त्याची जमीन सपाट होती, कुंड्या इकडून तिकडे न्यायच्या एवढंच काम. डॉक्टर ती जाताना बाहेर आला नाही. बाईंनीच तिला शेवटचं काट्यावरून जाताना पाहिलं. तिचं रिकामं वजन आणि नेणाऱ्याचं, त्यावर काही नाही.

नव्या गाडीचं वजन बाईंनी पहिल्याच दिवशी पाठ केलं. रोज सकाळी बघत, रोज संध्याकाळी बघत. जाताना जेवढी, येताना तेवढीच. आठवडा गेला, महिना गेला. बाईंच्या खांद्यांवरचा ताण उतरला. त्या नवऱ्याला चिडवूही लागल्या, “इतकी वर्षं सांगत होते, ऐकलं असतं तर?”

“आहे खरी गुणाची,” डॉक्टरने एका संध्याकाळी कबूल केलं. “ब्रेक तापतच नाहीत. उतारावर कुंडीपाशी थांबावं लागत नाही.”

“कुठली कुंडी?”

“अगं, अर्ध्या उतारावर जनावरांना पाणी प्यायला दगडी कुंडी आहे ना. कोरडीच असते आता. सवतीचे ब्रेक तापायचे, म्हणून तिथे रोज थांबायचो. दारं उघडी टाकून पाय मोकळे करायचे, ब्रेक गार झाले की निघायचं.”

“रोज?”

“रोज. येताना.”

“आणि जाताना?”

“जाताना चढ. चढावर कशाला ब्रेक तापतील?”

बाईंनी हातातलं काम ठेवलं. वर जाताना गाडी रोज रिकामी असायची. खाली येताना रोज एक जण. उतरून घराच्या बाजूला जायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर जाणाऱ्या गाडीत नसायचा. कारण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रिकामीच असायची. पुन्हा नवा कोणी बसायचा.

गाडी कधीपासून जड लागत होती, हे त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. आलेले सगळे इथेच उतरले होते, एवढं त्यांना पुरेसं होतं.

६

घरात घडलं असं काही नव्हतं. भांडी पडली नाहीत, दारं वाजली नाहीत. फक्त घर दाटल्यासारखं झालं होतं.

पहिल्यांदा बाईंच्या लक्षात आलं ते अक्कांमुळे. स्वयंपाकघरातून बाहेर यायचा एक बोळ होता, लांबट आणि मोकळा. अक्का गरम पातेलं घेऊन त्यातून येताना अंग तिरपं करून, खांदा पुढे काढून आल्या, आणि पुटपुटल्या, “सरका जरा, भाजेल.”

“कोणाला म्हणालात, अक्का?”

“कोणाला म्हणजे?” अक्कांनी मागे पाहिलं. पातेलं हातात तसंच. “कोणाला गं म्हणाले मी?”

मग बाईंना एकेक दिसू लागलं. जेवताना तिघं टेबलाच्या एकाच कोपऱ्यात, कोपराला कोपर लावून बसत होते. डॉक्टर पलंगाच्या अगदी काठावर झोपत होता, एक हात खाली लोंबकळत. बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर कितीतरी दिवसांत कोणी बसलंच नव्हतं. सगळे येऊन भिंतीला टेकून उभे राहत. खिडक्या उघड्या ठेवल्या तरी हवा कोंदट, सभा सुटल्यावर हॉलमध्ये असते तशी, अनेकांनी श्वास घेऊन झालेली.

मागची खोली रंगवायची होती. बाईंनी तिच्यातलं सगळं सामान बाहेर काढलं, गालिचासुद्धा गुंडाळला. रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी नवऱ्याला हाक मारली, “अहो, जरा शिडी आणा.”

आवाज घुमला नाही.

त्यांनी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. रिकामी खोली टाळीला उलट उत्तर देते. ही खोली टाळी गिळत होती, जशी खचाखच भरलेली खोली गिळते. बाई तिथून चालत बाहेर आल्या. पळाल्या नाहीत. धक्का लागेल असं वाटलं.

७

“परत सोडून यायचं,” डॉक्टर म्हणाला. तो आता मानत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

आधी त्यांनी नवी गाडी करून पाहिली. अंगणात उभी केली, सगळी दारं उघडली आणि लांब जाऊन उभे राहिले. बराच वेळ गेला. दारं उघडी आहेत म्हणून गाडी एकसारखी टोकत राहिली. काट्यावर नेली तर वजन बरोबर तिचं आणि चालवणाऱ्या डॉक्टरचं. हिच्यात कोणी बसत नव्हतं.

“ज्या गाडीने आले, तीच ओळखतात,” अक्का म्हणाल्या. आता त्यांना सगळं सांगितलं होतं. अक्कांनी ते इतक्या शांतपणे ऐकलं की बाईंनाच चमत्कारिक वाटलं. “मला वाटलं, मलाच वय झालं म्हणून होतंय,” एवढंच त्या म्हणाल्या.

रोपवाटिकावाला आधी गाडी द्यायला तयार होईना. “डॉक्टर, दारात नवी असताना जुनी कशाला हवी?”

“एका खेपेपुरती द्या.”

“एका खेपेला नवी चालत नाही?”

“नाही चालत,” डॉक्टर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यात असं काही होतं की रोपवाटिकावाल्याने पुढे विचारलं नाही, किल्ली काढून दिली.

दुपारी सवत अंगणात उभी राहिली. डॉक्टरने सगळी दारं उघडली, मागचा पत्रा खाली सोडला. तिघं घराच्या भिंतीशी उभे राहिले. वारा नव्हता. अक्कांच्या हातात कसलंसं फडकं होतं, ते त्या पिळत होत्या.

कुईं. मागची डावी बाजू खाली गेली. मग उजवी. मग पुढची. एक थांबा, जणू कोणी कोणाला ‘आधी तुम्ही’ म्हणतंय. मग पुन्हा. गाडी बसत गेली, बसत गेली, पाटे सपाट झाले, टायर फुगले, आणि शेवटी चेसिस खालच्या एक्सलवर टेकल्याचा आवाज आला. तरीही ती अधूनमधून खाली दबतच होती.

“मीही येते,” बाई म्हणाल्या.

“तू कुठे बसणार?” डॉक्टर म्हणाला. तो हसायचा प्रयत्न करत होता. “जागा आहे का?”

ड्रायव्हरची सीट तेवढी त्यांनी सोडली होती. तो तिच्यात शिरला, खांदे आवळून. फोर-व्हीलचा दांडा लो मध्ये ओढला. गाडी काट्यावरून गेली तेव्हा बाई केबिनमध्ये होत्या. डॉक्टरने नेहमीसारखं थबकून त्यांच्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. किती?

बाईंनी नुसता हात केला. आकडा त्यांनी त्याला सांगितला नाही.

८

ती दुपार बाईंना जन्मभर पुरेल एवढी लांब गेली. त्यांनी मालाच्या गाड्या परत पाठवल्या. घरातून अक्कांची हाक आली म्हणून धावत गेल्या, तर अक्का बोळाच्या मधोमध उभ्या, दोन्ही हात पसरून, लहान मुलीसारख्या हसत. “बघ! बघ किती जागा आहे!” आणि त्यांचा आवाज बोळात घुमला. बाईंनी त्यांना मिठी मारली. दोघी रडल्या.

ऊन कललं. सवत आली.

दुरूनच कळलं की ती हलकी आहे. खडखडत, उड्या मारत, दारं वाजवत आली आणि काट्यावर थबकली. डॉक्टर स्टिअरिंगवर होता. अंगावर धूळ, चेहरा थकलेला पण मोकळा. त्याने काचेतून हात केला. बाईंचा हात वर गेला, आणि नजर आकड्यावर.

आकडा बरोबर होता. सवतीचं रिकामं वजन, तंतोतंत.

बाईंचा हात वरच राहिला.

डिझेल जळलं असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण डिझेलचा हिशोब त्यांना पाठ होता. स्टेपनी कुठे काढून ठेवली असेल. स्टेपनी मागे दिसत होती. औषधाची पेटी घरीच राहिली होती, ती तर धरलीच नव्हती. मग गाडी गाडीएवढी आहे, आणि तिच्यात तो बसलाय, आणि तरी गाडी गाडीएवढीच आहे.

डॉक्टर उतरला. तो उतरला की ती गाडी उजवीकडून हायसं वाटल्यासारखी वर यायची, वर्षानुवर्षं. ती हलली नाही. त्याने दार दोनदा आपटलं. प्लॅटफॉर्मवरून चालत तो केबिनकडे आला. आकडा जागचा हलला नाही.

“झालं,” तो दारात उभा राहून म्हणाला. आवाज त्याचाच होता. “सगळे उतरले. किती वेळ लागला विचारू नकोस. मग मीही जरा तिथे पाय मोकळे केले.” त्याने मान वाकवून आत पाहिलं. “काय म्हणतो काटा?”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “किल्ली द्या. रोपवाटिकावाल्याची गाडी आहे, मी पोचवून येते.”

“आत्ता? उद्या देऊ की.”

“कबूल केलंय.”

त्याने किल्ली पुढे केली. ती बाईंच्या तळहातावर पडली, आणि ती मात्र जड होती, थंड होती, अगदी किल्लीसारखी होती. त्याची बोटं त्यांना लागली की नाही, ते त्यांना सांगता आलं नाही.

“बरं,” तो म्हणाला, “पण वरच्या रस्त्याने जाऊ नकोस.”

रोपवाटिका वरच्या रस्त्यावर नव्हतीच.

९

बाईंनी ती गाडी कधी चालवली नव्हती. सवतीला हात कोण लावणार? आता तिने त्यांना चढ चढवून दिला, न कुरकुरता. नवऱ्याचं वजन जिथे उतरून राहिलं असेल त्या कुंडीपाशी त्या आल्या तेव्हा सूर्य पठाराच्या कडेला टेकला होता. दगडी कुंडी कोरडी, भोवती माती तुडवलेली. माणूस नाही, काणूस नाही.

त्यांनी गाडी खालच्या दिशेला वळवून उभी केली. इंजिन चालू ठेवलं. हात लांब करून डावीकडचं, शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि समोर बघत बसल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या. एवढंच त्यांना म्हणता आलं.

इंजिनचा आवाज. वाऱ्याने दार जरा हललं. मग कुईं झालं, आणि गाडी डावीकडे हळूच कलली.

बाईंनी तिकडे पाहिलं नाही. अंगावरून हात घालून दार ओढून घेतलं, दोनदा आपटलं. हात कशालाही लागला नाही. लो गिअर टाकून त्या उतरू लागल्या. गाडी एका माणसाने जड होती. पण तो शेजारी बसल्यावर ही गाडी किती कलते, हे त्यांना कुठे माहीत होतं? तो कायम स्टिअरिंगवर. शेजारी बसला आहे तो नवरा आहे की आणखी कोणी, हे फक्त काटा सांगणार होता. नवऱ्याचं वजन त्यांना पाठ होतं.

वाटेत त्या बोलत राहिल्या. नवी गाडी विकून टाकू म्हणाल्या. हीच ठेवू. तुम्ही म्हणाल ते करू. अक्कांना चढायला पायरी बसवून घेऊ. उत्तर आलं नाही. एका वळणावर गाडी उधळली तेव्हा मात्र डावी बाजू घट्ट दाबली गेली, जशी समोरचा रस्ता बघून ब्रेक मारणाऱ्याचा पाय आपोआप दाबला जातो तशी. बाईंना रडू फुटलं. गुरांचा डॉक्टर दुसऱ्याच्या गाडीत बसला की असंच करायचा. पण दुसऱ्याच्या गाडीत बसलेलं कोणीही असंच करतं.

फाटकातून आत येईपर्यंत अंधारून आलं होतं. केबिनमध्ये दिवा लागला होता. बाईंच्या खुर्चीवर तो बसला होता, ज्याने किल्ली दिली होती. त्याने काचेतून हात वर केला आणि बोटांनी खूण केली: या, पुढे या, काट्यावर घ्या.

आकडा केबिनच्या आतूनच दिसतो.

बाईंनी प्लॅटफॉर्मच्या अलीकडे गाडी थांबवली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. पुढे जायला पाय उचलेना, मागे जायलाही उचलेना.

हॉर्न न वाजवताही घराचं दार उघडलं. अक्का उजेडात आल्या, चष्मा कपाळावर, हात पदराला पुसत. त्यांनी डोळे बारीक करून गाडीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, दोघं मिळून कुठे गेला होतात?” त्या म्हणाल्या. “मी मघापासून एकटीच घरात. उतरा की आता, जेवण निवतंय.”

आणि हसत हसत पायऱ्या उतरता उतरता त्यांनी दिवा लागलेल्या केबिनकडे पाहिलं.